ब्रह्माघाटावरचं जुनं नेटवर्क कार्ड

मागच्या भागात आपण जुन्या हार्ड डिस्कबद्दल बोललो. आज नेटवर्क कार्ड. विषय ऐकून काही जण म्हणतील, दोनशे रुपयांची वस्तू, बिघडली तर बदलून टाकावी, त्यावर बोलायचं काय? मीही असाच विचार केला होता, आणि त्या विचारापायी बनारसमध्ये माझे दोन दिवस गेले. ते दोन दिवस आज क्रमानं सांगतो. तुमच्याकडे लिनक्सवर चालणारं एखादं जुनं मशीन असेल, तर त्यात तुमच्या उपयोगाचं बरंच निघेल. आज्ञा सांगताना मी अक्षरं सुटी करून म्हणेन. टाइप करताना ती सगळी लहान लिपीत आणि सलग टाइप करायची.

काशीत ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत. त्यातल्या एका घरी माझं लहानपणापासून जाणं-येणं. त्यांना मी काका म्हणतो. घराणं तीर्थोपाध्यायांचं. महाराष्ट्रातून काशीला आलेला यात्रेकरू उपाध्यायांच्या वहीत स्वतःच्या हातानं नाव, गाव, वडील-आजोबांची नावं लिहून जातो. पुढच्या पिढीतला कोणी आला की ती वही निघते आणि त्याला पणजोबाचं अक्षर बघायला मिळतं. जुन्या नोंदी मोडीत, नंतरच्या बाळबोधीत. कागद जुना, खोली तळमजल्यावर, आणि काशीतल्या तळमजल्याची ओल पावसाळ्यानंतरही दिवाळीपर्यंत मुक्कामाला असते. पानं तुटायला लागली, तेव्हा काकांनी ती स्कॅन करायला घेतली. वय सत्तरच्या पुढे. रोज तीस-चाळीस पानं, आणि प्रत्येक पानासाठी नावा-गावाची एक ओळ टाइप करायची.

मशीन पेंटियम फोर. त्यावर डेबियन लिनक्सची सातवी आवृत्ती, २०१३ सालची. वरच्या मजल्यावर दुसरा एक छोटा संगणक होता. रोज रात्री नऊ वाजता आर-सिंक नावाचा प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायचा आणि दिवसभराची पानं वरच्या संगणकावर दुसरी प्रत म्हणून ठेवायचा. ही सगळी मांडणी मीच २००९ मध्ये करून दिली होती आणि नंतर डेबियनची आवृत्तीही मीच वाढवत नेली होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका कार्तिकात काकांचा फोन आला. "अरे, वरच्या मशीनवर चैत्रानंतरचं काही दिसतच नाहीये. नेट का कार्ड बैठ गया क्या?" काकांचं मराठी असंच, मध्येच बनारसी होतं. मी जबलपूरला असतो. महानगरी एक्सप्रेस पकडली, पिशवीत एक जुनं नेटवर्क कार्ड टाकलं आणि पोचलो.

आता लक्षण नीट ऐका, कारण निम्मं निदान त्यातच असतं. नेटवर्क बंद पडलेलं नव्हतं. कार्डाचा दिवा लागत होता. पिंग केलं तर उत्तर येत होतं, एकही पाकीट गळत नव्हतं. पण पंधरा एमबीचं एक स्कॅन केलेलं पान वर पाठवायला सहा-सात मिनिटं लागत होती. वेग सेकंदाला जेमतेम चाळीस केबी. काका अकरा वाजता मशीन बंद करून झोपायचे. त्या दोन तासांत दिवसाच्या कामातलं थोडंसंच वर जायचं, बाकीचं दुसऱ्या दिवसावर. असं करत सात-आठ महिन्यांत अकरा जीबी काम फक्त एका जुन्या डिस्कवर उरलं होतं. ती डिस्क गेली असती, तर काकांचं वर्षभराचं डोळे फोडणं तिच्याबरोबर गेलं असतं. आणि ज्या पानांचे तुकडे पडले होते, ती तर परत स्कॅनही झाली नसती. म्हणून आधी एक काम केलं. त्या अकरा जीबींची प्रत यूएसबी डिस्कवर घेतली. ते मशीन यूएसबीवरही रांगतच चालत होतं, पण रात्रभरात झालं. नेटवर्कच्या दुरुस्तीला मग हात घातला. तुम्हीही हाच क्रम ठेवा.

तपासणी तारेपासून सुरू करायची. आमची तार गच्चीवरून जाते, आणि काशीत गच्चीवरून तार जाते म्हटलं की पहिला संशयित ठरलेला असतो. २०१५ मध्ये घाटांवर वायफाय आलं, तेव्हा माकडांनी ऑप्टिकल फायबरच्या केबल कुरतडल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या होत्या. आमच्या घरी हा अनुभव त्याच्या आधीच घेऊन झाला होता, म्हणून तार लोखंडी पाइपातून नेलेली होती. तरी दोन्ही टोकांचे प्लग पाहिले, दुसरी तार खालून सरळ लावून पाहिली. फरक शून्य. माकडं निर्दोष.

मग कार्ड. पीसीआय स्लॉटमध्ये बसणारं, रिअलटेकचं आरटीएल ८१३९ चिप असलेलं. एकेकाळी भारतात जोडणी करून विकल्या जाणाऱ्या संगणकांत हे कार्ड नसलेलं मशीन शोधावं लागलं असतं, इतकं ते स्वस्त आणि सर्रास होतं. जाणकार त्याला नावं ठेवायचे, आणि त्याला कारण होतं. पाठवायचं पाकीट मेमरीत ठरावीक जागीच हवं, असा या चिपचा हट्ट असतो. त्यामुळे ड्रायव्हरला बऱ्याचदा प्रत्येक पाकिटाची आधी एक नक्कल करावी लागते, आणि तो भार प्रोसेसरवर पडतो. पण गंमत अशी, की हेच कार्ड इतकं सगळीकडे ओळखीचं झालं, की क्यूईएमयू या आभासी संगणक तयार करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्याची हुबेहूब सोंगही आहे. खरं कार्ड भंगारात गेलं तरी त्याचं भूत मोठमोठ्या सर्व्हरवर अजून नांदतंय.

लिनक्समध्ये अशा कार्डांचे सुरुवातीचे पुष्कळ ड्रायव्हर डोनल्ड बेकर या एका माणसानं लिहिले. हे गृहस्थ अमेरिकेच्या नासामध्ये काम करत होते. १९९४ मध्ये साधे बाजारातले संगणक इथरनेटनं जोडून त्यांनी आणि थॉमस स्टर्लिंग यांनी बेओवुल्फ नावाचा समूह-संगणक उभा केला. महागडा महासंगणक टाळायचा, तर स्वस्त कार्डं नीट चालली पाहिजेत, आणि ती चालवायला ड्रायव्हर हवेत. या गरजेतून जे काम झालं, त्याचा फायदा पुढे तुमच्या-माझ्यासारख्यांना झाला. ८१३९ साठी आज जो ड्रायव्हर वापरतात, तो जेफ गार्झिक यांचा ८१३९-टू. त्याचीही मुळं बेकर यांच्या कामातच आहेत.

असो. मशीनला कार्ड दिसतंय का, हे पाहायला एल-एस-पी-सी-आय ही आज्ञा. त्या यादीत इथरनेट कंट्रोलर अशी ओळ आली, म्हणजे कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलंय. ती ओळच नसेल, तर ड्रायव्हर शोधत बसू नका. मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, कार्ड उपसा, त्याच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, परत दाबून बसवा. ओलसर खोलीत एवढ्यानं काम होतं, हे मी स्वतः अनेकदा पाहिलंय. आमच्याकडे ओळ होती. तरी मी कार्ड काढून पुसलं. फरक शून्य.

ड्रायव्हरचं काय म्हणणं आहे ते डी-मेसेज या आज्ञेनं कळतं. मशीन सुरू होताना कर्नल जे जे बोलतो ते तिथे साठलेलं असतं. या कार्डाच्या बाबतीत तिथे एक ओळ दिसते आणि ती वाचून लोक घाबरतात. तिचा अर्थ असा, की ही चिप ८१३९-सी-प्लस जातीची नाही, ८१३९-टू वापरा. ही चूक नाही. या घराण्याचे दोन ड्रायव्हर आहेत, एक साध्या चिपसाठी आणि एक सी-प्लससाठी. दोघेही दारात येतात, आणि त्यातला एक 'हे माझं गिऱ्हाईक नाही' म्हणून मागे फिरतो. पुढच्याच ओळींत दुसऱ्यानं कार्ड ताब्यात घेतलेलं दिसतं. निर्धास्त राहा.

आता माझी पहिली चूक. ई-टी-एच-टूल ही आज्ञा कार्डाची प्रकृती सांगते. पुढे कार्डाचं नाव द्यायचं, आमच्याकडे ते ई-टी-एच-झीरो होतं. मी ती चालवली. वेग १००, डुप्लेक्स फुल्ल. वा, म्हटलं, यापेक्षा चांगलं काय हवं? आणि पुढचं न वाचताच खिडकी बंद केली. त्याच्याच थोडं खाली आणखी एक ओळ होती. ती वाचली असती तर मी त्याच संध्याकाळी घाटावर फिरायला गेलो असतो.

मग आय-एफ-कॉन्फिगमध्ये आकडे पाहिले. येणाऱ्या पाकिटांत चुकांचा आकडा हजारांत होता आणि फाइल पाठवताना डोळ्यांदेखत वाढत होता. टक्कर, म्हणजे कोलिजन, मात्र शून्य. चुका आहेत, टक्कर नाही, तार चांगली. मी निष्कर्ष काढला, कार्ड म्हातारं झालं.

पिशवीतलं कार्ड काढलं. तेही ८१३९ च. जुनं काढून ते बसवलं, मशीन सुरू केलं, आणि नेटवर्क साफ नाहीसं. पिंगसुद्धा नाही. काकूंनी चहा आणून ठेवला आणि शांतपणे विचारलं, "मघाशी थोडं तरी चालत होतं ना रे?"

यामागचं कारण सांगतो, कारण जुन्या डेबियनवर कार्ड बदललेल्या जवळजवळ प्रत्येकाला हा ठेचा लागलेला आहे. प्रत्येक कार्डाला जन्मतः एक क्रमांक असतो, मॅक पत्ता. त्या काळच्या डेबियनमध्ये यु-डेव्ह नावाची व्यवस्था पहिल्यांदा दिसलेल्या कार्डाचा पत्ता एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. हा पत्ता म्हणजे ई-टी-एच-झीरो, अशी नोंद. नवीन कार्ड आलं, त्याचा पत्ता वेगळा, म्हणून ते झालं ई-टी-एच-वन. जुनं निघून गेलं तरी झीरोची गादी त्याच्याच नावावर. आणि नेटवर्कची सगळी मांडणी झीरोच्या नावानं केलेली, त्यामुळे वनला कोणी विचारेना. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये स्लॉटच्या जागेवरून नाव ठरवायची पद्धत आली आणि ई-एन-पी वगैरेनं सुरू होणारी नावं दिसायला लागली. फ्री-बीएसडीसारख्या दुसऱ्या युनिक्स घराण्यात तर ड्रायव्हरचंच नाव कार्डाला मिळतं. तिथे ८१३९ म्हणजे आर-एल-झीरो, आणि त्याच जातीचं कार्ड बदललं तरी नाव तेच राहतं.

मला हे ठाऊक होतं. फाइल दुरुस्त करण्याआधी सहज म्हणून ई-टी-एच-वन हाताने सुरू केलं, पत्ता घेतला आणि १०० एमबीची एक फाइल वर पाठवून पाहिली. बारा-पंधरा सेकंदांत गेली! मी काकांना हाक मारली. "कार्डच होतं काका. आता बघा." मग नियमांची फाइल उघडली, जुन्या कार्डाची ओळ काढली, नव्या कार्डाला ई-टी-एच-झीरो नाव दिलं, मशीन पुन्हा सुरू केलं आणि तीच फाइल पाठवली.

चाळीस केबी.

मी दोनदा पाहिलं. तेच कार्ड, तोच स्लॉट, तीच तार, वर तोच संगणक. दहा मिनिटांपूर्वी पळत होतं, आता रांगत होतं. बदललं होतं फक्त नाव. त्या रात्री झोपताना हे वाक्य डोक्यात होतं आणि सकाळी उठलो तेव्हा उत्तर बरोबर होतं. कार्डाला रोग नव्हता, नावाला होता. मशीनमध्ये कुठेतरी कोणीतरी ई-टी-एच-झीरो या नावानं काहीतरी लिहून ठेवलेलं असणार.

ते शोधायला ग्रेप. ई-टी-सी या फोल्डरमध्ये, जिथे सगळी मांडणी असते, तिथे ई-टी-एच-झीरो हे शब्द कुठे कुठे आहेत ते सांग, अशी आज्ञा दिली. तीन-चार ठिकाणं निघाली. त्यातलं एक आर-सी-डॉट-लोकल, म्हणजे मशीन सुरू होण्याच्या शेवटी आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाइल. त्यात एकच ओळ होती. एम-आय-आय-टूल या साधनानं ई-टी-एच-झीरोला सक्तीनं १०० आणि फुल्ल डुप्लेक्सवर ठेवायची. ओळीच्या वर मराठीत टीप: 'हे काढू नये.' लिहिणारा मी. २००९.

आता ही ओळ तेव्हा बरोबर आणि आता चूक कशी, ते समजून घेऊ. आजच्या भागाचा गाभा हाच आहे.

हाफ डुप्लेक्स म्हणजे काशीची गल्ली. समोरून बैल येत असेल तर आपण ओट्यावर चढायचं, तो गेला की पुढे निघायचं. एका वेळी एकच. फुल्ल डुप्लेक्स म्हणजे मधोमध दुभाजक असलेला रस्ता. जाणारे जातात, येणारे येतात, कोणी कोणासाठी थांबत नाही. तारेच्या दोन टोकांवरचे दोघे, आमच्या बाबतीत कार्ड आणि स्विच, जोडले गेल्यावर आधी आपसात ठरवतात: तुला कोणता वेग जमतो, मला कोणता, गल्ली की रस्ता? या बोलणीला ऑटो-निगोशिएशन म्हणतात. १०० मेगाबिटच्या इथरनेटबरोबर, १९९५ मध्ये, हा नियम आला.

सक्ती केली की कार्ड ही बोलणी करत नाही. गप्प बसतं. मग समोरचा स्विच काय करतो? सिग्नलच्या धाटणीवरून वेग त्याला ओळखता येतो, १०० आहे हे कळतं. गल्ली की रस्ता हे मात्र सिग्नलवरून कळत नाही. अशा वेळी नियम सांगतो, की सावधपणा म्हणून हाफ डुप्लेक्स धरायचं. झालं. कार्ड समजतं आपण रस्त्यावर आहोत आणि बेधडक चालत राहतं. स्विच समजतो आपण गल्लीत आहोत. तो आपलं पाकीट पाठवायला लागतो, तेवढ्यात कार्डाचं पाकीट येऊन आदळतं. स्विच म्हणतो टक्कर झाली, स्वतःचं पाठवणं अर्ध्यात सोडतो आणि आलेलं तुटकं पाकीट टाकून देतो. कार्डाला स्विचचं अर्धवट पाकीट मिळतं, ते चूक म्हणून मोजतं. टक्कर मात्र मोजत नाही, कारण रस्त्यावर टक्कर होत नसते, अशी त्याची ठाम समजूत असते. म्हणून माझ्या आकड्यांत चुका हजारांत आणि टक्कर शून्य. ही जोडी दिसली, की आधी डुप्लेक्सचा घोळ तपासा.

पिंग का चालत होतं? एक छोटं पाकीट जातं, थांबतं, उत्तर येतं. पहाटे चारच्या गल्लीत दोनच माणसं, आदळणार कोणाला? मोठी फाइल पाठवताना जाणारी पाकिटं सलग असतात आणि पोचपावत्या उलट्या दिशेनं येत असतात. गर्दी झाली की गल्ली तुंबते. दिवा लागतोय, पिंग येतोय, म्हणजे सगळं ठीक, असं म्हणून फोन ठेवणारे कितीतरी तंत्रज्ञ मी पाहिलेत. मी त्यांच्यातलाच एक निघालो.

२००९ मध्ये काकांच्या घरी एका कचेरीतून काढून टाकलेला जुना स्विच आणला होता. त्याच्या सगळ्या खिडक्या सक्तीनं १०० फुल्लवर कुलूपबंद होत्या आणि ते कुलूप उघडण्याचा पासवर्ड कोणाकडेच नव्हता. तो बोलणी करायचा नाही, म्हणून माझ्या कार्डानं हाफ धरलं असतं. त्यावर उपाय एकच, कार्डालाही सक्ती करणं. दोन्ही टोकांना सारखीच सक्ती, म्हणून नऊ वर्षं उत्तम चाललं. मग तो स्विच जळला. काकांच्या भाच्यानं बाजारातून नवा साधा स्विच आणून लावला. तो सगळ्यांशी बोलणी करतो, आणि आमचं कार्ड माझ्या आज्ञेमुळे तोंड मिटून बसलेलं. मी काकांना विचारलं, स्विच कधी बदलला? त्यांनी पंचांग काढलं. पंचांगाच्या पानावरच ते खर्च लिहितात. गुढीपाडव्यानंतरचा चौथा दिवस. आर-सिंकच्या नोंदवहीत पूर्ण झालेली शेवटची प्रत त्याच्या आदल्या रात्रीची होती. हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारला नव्हता. 'शेवटचं नीट कधी चाललं, आणि त्या सुमारास घरात काय बदललं?' याला कोणतीही आज्ञा लागत नाही.

दुरुस्ती दोन मिनिटांची. आर-सी-डॉट-लोकलमधली ती ओळ काढली. मशीन पुन्हा सुरू न करता लगेच परिणाम हवा असेल तर ई-टी-एच-टूल, डॅश-एस, कार्डाचं नाव, ऑटोनेग ऑन. मग ई-टी-एच-टूल परत चालवून या वेळी शेवटपर्यंत वाचलं. वेग १००, डुप्लेक्स फुल्ल, आणि मी आधी न वाचलेली ती ओळ: ऑटो-निगोशिएशन ऑन. पहिल्या दिवशी तिथे ऑफ होतं.

तुमच्याकडे सक्ती करणं भागच असेल, तर दोन्ही टोकांना करा, आणि ते कुठे केलंय हे स्विचच्या डोक्यावर चिकटपट्टी लावून लिहा. मी फाइलमध्ये 'हे काढू नये' लिहिलं होतं. का काढू नये आणि कधी काढावं, ते लिहिलं नव्हतं. फाइलमधली टीप स्विच बदलणाऱ्या भाच्याला दिसणार कुठून?

अकरा जीबी अर्ध्या तासात वर गेलं. काका शेजारी बसून फाइलींची नावं सरकताना बघत होते. मध्येच एखादं गाव ओळखून म्हणायचे, "हे वाईचे, हे कऱ्हाडचे, यांच्या पाच पिढ्या आहेत आपल्याकडे." संपल्यावर त्यांनी मला विचारलं, मग जुन्या कार्डात खराबी काय होती?

काहीच नव्हती. संध्याकाळी ते परत बसवलं, नियमांच्या फाइलमध्ये झीरोची गादी त्याला परत दिली, आणि माझं कार्ड पिशवीत टाकून घेऊन आलो.